काढ्यातलं झाड

"हलवू नका म्हटलं ना!"

"मी कुठे हलवतोय? भांडंच हलतंय."

"का, त्याला पाय फुटलेत?"

मीटरवाल्यांनी ओठ घट्ट मिटले आणि श्वास रोखून धरला. वाडगा त्यांच्या दोन्ही हातांत उलटा होता. पांढऱ्या मातीच्या पातळ घोळात नुकताच बुडवून काढलेला, दुधातून वर आल्यासारखा ओला आणि चकचकीत. ही चकाकी जेमतेम अर्धं मिनिट टिकते. जे काय करायचं ते तेवढ्यात. झाडवालीने कुंचला काढ्यात बुडवला, वाडग्याच्या बुडाजवळ नेला आणि ओल्या मातीला नुसता टेकवला. थेंब सुटला. सुटला तो खाली धावला, धावता धावता फाटला, त्याला फांद्या फुटल्या, फांद्यांना डहाळ्या, डहाळ्यांना केसाएवढी बारीक टोकं. दोघंही डोळे फाडून बघत होते. आणि नेमका तेव्हाच मीटरवाल्यांना खोकला आला.

झालं! झाड कमरेत मोडलं.

"खोकला काय विचारून येतो का?" मीटरवाले म्हणाले.

"असू दे हो. तसंही ते नव्हतंच."

हे 'ते नव्हतंच' मीटरवाले गेली अकरा वर्षं ऐकत होते. भांडं चांगलं निघालं तरी तेच, वाईट निघालं तरी तेच. तिची भांडी विकणारी दुकानवाली बाई येऊन एकेका वाडग्यावरून हात फिरवत "अहाहा" करायची, तेव्हाही ही आपली कोपऱ्यात उभी राहून पुटपुटायची, "हो, बरं आहे. पण ते नाही."

आता हे 'ते' म्हणजे काय, हे सांगायला हवं.

झाडवाली म्हणजे मातीची भांडी करणारी बाई. घराच्या खालच्या खोलीत तिचं चाक, विजेची भट्टी, माती भिजवायच्या बादल्या आणि एक लांबलचक टेबल. चाळीस वर्षं त्या खोलीत ती वाडगे, थाळ्या, पेले आणि बरण्या करत आली. माती साधी, लाल, भाजल्यावर विटेच्या रंगाची होणारी. तिला सजवायला तिने सुरुवातीला काय काय केलं नाही! ओल्या मातीवर काट्याने रेघा ओढल्या, पिचकारीने ठिपके सोडले, पानं दाबून ठसे घेतले. लोक 'छान' म्हणायचे आणि पुढे जायचे. मग कधीतरी एका जुन्या पुस्तकात तिने वाचलं, की तंबाखू पाण्यात उकळावी, काढा गाळावा, त्यात लोखंडाच्या गंजाची पूड घोटावी आणि त्याचा थेंब ओल्या पांढऱ्या मातीवर सोडावा, झाड आपलं आपण उगवतं. भांडं उलटं धरायचं एवढंच. थेंब खाली पसरतो आणि भांडं सरळ केलं की झाड वर वाढलेलं दिसतं.

तिला वाटलं, थापा मारतायत. करून बघितलं, तर उगवलं की! काळपट तपकिरी, बुंध्यापासून शेंड्यापर्यंत, कुणीही न काढलेलं झाड. त्या दिवशी ती टेबलाशी बसली ती उठलीच नाही. एकामागून एक थेंब सोडत राहिली, आणि खिडकीतलं ऊन या भिंतीवरून त्या भिंतीवर गेलं तरी तिला पत्ता नव्हता. पुढे गल्लीने तिचं नाव झाडवाली ठेवलं. नवरा पाणीखात्यात, घरोघर हिंडून मीटरचे आकडे टिपणारा, म्हणून तो मीटरवाले. दोघांची खरी नावं आता फक्त दारावरच्या पाटीला ठाऊक.

तर, अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. मुलीला मुलगी झाली, म्हणून झाडवाली तीन आठवडे तिच्याकडे जाऊन राहिली होती. परत आली ती नातीच्या अंगाचा वास नाकात घेऊनच. दुसऱ्या दिवशी सकाळी खाली गेली, नेहमीच्या डब्यातली तंबाखू उकळली, नेहमीसारखा काढा केला, आणि नऊ वाडग्यांवर नऊ थेंब सोडले.

ती झाडं नेहमीची नव्हती. बुंधा होता, फांद्या होत्या, पण कडा कुठे संपतात ते कळत नव्हतं. निळसर राखी धुकं पसरत गेलं होतं आणि त्या धुक्यात झाडामागे झाड, त्याच्यामागे आणखी एक, आणि सगळ्यांच्या मागे उजेड. नुकती पहाट होतेय आणि आपण त्या झाडांकडे चालत निघालोय, असं तिला वाटलं. नऊच्या नऊ वाडग्यांवर तेच. तिने मातीने भरलेल्या हातांनी वर धाव घेतली आणि दाढी करत असलेल्या मीटरवाल्यांना मिठी मारली. त्यांच्या धुतलेल्या सदऱ्यावर दहा बोटं उमटली.

भाजून, झिलई चढवून ते नऊही वाडगे तिने दुकानात पाठवून दिले. एक तरी घरात ठेवायचा ना! पण तिला वाटलं, आता काय, आता रोजच येणार. आठवड्याभरात ते कुणाकुणाच्या घरी गेले. आणि नवं पाकीट फोडून पुढचा काढा केला, तर पुन्हा आपली ती काळी, टोकदार, जुनीच झाडं.

तिथून जो शोध सुरू झाला तो झाला.

आधी तिने गंज बदलून बघितला. मग माती. मग तंबाखू, कधी पिवळी, कधी काळी, कधी दुप्पट उकळलेली, कधी आठ दिवस मुरवलेली. काढ्यात शिरका घातला, लिंबू पिळलं, मीठ टाकलं. प्रत्येक प्रयोगाची मातीची एक चकती करायची, भोक पाडायचं, मागे तारीख आणि कृती खरवडायची आणि भाजून भिंतीवरच्या खिळ्याला टांगायची. भिंत भरली. मग दुसरी भिंत. शिरक्याने काटेरी झुडपं आली. मिठाने समुद्राच्या तळाशी डुलतं तसलं शेवाळ आलं. लिंबाने पिसं आली, आणि एकदा घोळ जास्त पातळ झाला तेव्हा वरून बघितलेली नदी आली, शंभर उपनद्यांसकट. दुकानवाली या नदीवर इतकी खूश झाली, की पुढची तीन वर्षं नद्याच मागत राहिली. झाडवाली करून द्यायची. मन नव्हतं त्यात, पण हात होते.

मीटरवाले निवृत्त झाले आणि तिच्या हाताखाली आले. थेंबाच्या कामाला खरं तर माणसं दोनच लागतात, एक धरणारा, एक सोडणारा. आधी ती एकटीच तारेवरची कसरत करायची. मीटरवाले आपणहून म्हणाले, "मी धरतो." तिला बाई केवढं कौतुक वाटलं! बहिणीला, मुलीला, दुकानवालीला, ज्याला त्याला सांगत सुटली, माझा नवरा बघा, या वयात माती कालवतो माझ्यासाठी.

दुपारी जेवून ती टेबलाशेजारच्या बाकावर पाठ टेकायची. भट्टी गरम असली की खोली उबदार व्हायची, डोळा लागायचा, आणि मग ती त्या झाडांत जायची. नेहमी सारखंच. पायाखाली पांढरी, ओली जमीन, समोर धुकं, धुक्यात फांद्या. ती चालायची तसतशी झाडं मोठी व्हायची, उंच व्हायची, आणि कुठूनतरी उजेड यायचा. अगदी जवळ पोचली की जाग यायची. जागी झाल्यावर क्षणभर तिला कळायचं नाही, की आपण कुठे आहोत. मग चहा घेताना कपात दूध पसरायचं ते ती बघत बसायची. भिंतीची ओल बघायची. हिवाळ्यात खिडकीच्या काचेवर वाफ धरायची आणि तिचे ओघळ व्हायचे, त्यांत फांद्या शोधायची. "तुझं काय हरवलंय ते तरी सांग," मुलगी एकदा चिडून म्हणाली होती. झाडवालीने तिला काचेवरचा ओघळ दाखवला. मुलीने कपाळाला हात लावला.

तर ज्या दिवशी खोकल्याने झाड मोडलं, त्याच दिवशी संध्याकाळी हात धुता धुता झाडवालीला एकदम सुचलं. तिने नळ बंद केला. पुन्हा सोडला. पाण्याकडे बघत राहिली.

"अहो! पाणी!"

"काय झालं? जातंय का?"

"पाणी बदललं असणार हो! मी माती बदलली, तंबाखू बदलली, सगळं सगळं बदललं, पण पाणी? त्या वर्षी पाणी कुठून यायचं आपल्याला?"

मीटरवाले टॉवेल हातात घेऊन तसेच उभे राहिले. "येत असेल नेहमीच्याच तळ्यातून."

"असेल म्हणजे? खात्यात लिहिलेलं असेल की. पाण्यात चुना किती, क्षार किती, सगळं तपासतात ना? तुम्हीच सांगायचात. तेवढा त्या महिन्याचा कागद आणा ना काढून. तुमची ओळख आहे तिथे."

"अगं, पाण्याने काय होतंय?"

"तुम्हाला काय माहीत?"

ते काहीतरी बोलणार असं तिला वाटलं. तोंड उघडलं होतं त्यांनी. पण मग ते खाली वाकून चपला शोधायला लागले आणि म्हणाले, "उद्या जातो."

खात्याचं जुनं दप्तर तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. हे झाडवालीच्या डोक्यातही आलं नाही, खरं सांगायचं तर. तिच्या डोक्यात पाणी होतं. मीटरवाले सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून गेले आणि दुपारी दप्तरातला कारकून त्यांना गाडीत घालून घेऊन आला. दुसऱ्या मजल्यावर ते भिंतीला धरून खाली बसले होते, ओठ निळे पडले होते. डॉक्टरांना तिथेच बोलावलं होतं. फुप्फुसं थकलीत, डॉक्टर म्हणाले होते, यापुढे जिने बंद.

"मी म्हटलं कागद आम्ही पोचवतो, तुम्ही कशाला वर येता," कारकून झाडवालीला म्हणाला. "पण ऐकायलाच तयार नाहीत. मीच येऊन न्यायला पाहिजे म्हणाले. एवढं काय आहे हो त्या कागदात?"

झाडवालीला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. तिने कारकुनाला पाणी दिलं, त्याला दारापर्यंत सोडलं, आणि वरच्या खोलीत येऊन पलंगाच्या कडेला बसली. कारकुनाने आणि गाडीवाल्याने खुर्चीसकट उचलून वर आणलेले मीटरवाले उशीला टेकून बसले होते. शर्टाची इस्त्री अजून मोडली नव्हती. त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढून तिच्यापुढे धरला.

"मिळाला."

"आग लागो त्या कागदाला! माझंच डोकं फिरलं होतं. एका थेंबापायी मी तुम्हाला..." तिला रडू फुटलं.

"रडू नकोस. ऐक. पाण्याचं काही नव्हतं ते."

"नंतर बोला. पडून राहा."

"नंतर नको. अकरा वर्षं नंतरच चाललंय." त्यांनी दम घेतला. "तू पोरीकडे गेली होतीस ना, बाळंतपणाला. तेव्हा."

"तेव्हा काय?"

"सिगारेट सोडून मला चार महिने झाले होते. शब्द दिला होता तुला. पाळलाही होता. पण घर रिकामं, संध्याकाळ झाली की खायला उठायचं. आणि घरात तंबाखू फक्त एकाच ठिकाणी."

झाडवालीच्या डोळ्यांसमोर डबा आला. खालच्या खोलीतला, पत्र्याचा, त्यावर तिच्याच अक्षरात चिकटवलेली चिठ्ठी, 'कामाचं आहे. हात लावू नये.'

"एक कागदात वळून ओढली," मीटरवाले म्हणाले. "म्हटलं, एकीने काय होतंय. मग दुसरी. तू यायच्या आधी बघतो तर तळाशी चिमूटभर. दुकानातून आणायची तर गल्लीत सगळ्यांना ठाऊक, की मी सोडलीय. तुझ्या कानावर गेलं असतं. मग मी काय केलं, चहाचा चोथा वाळवला."

"काय वाळवलात?"

"चहाचा चोथा. वर्तमानपत्रावर पसरून, गच्चीत. चार-पाच दिवसांचा. हुबेहूब दिसतो गं. डब्यात भरला, उरलेली तंबाखू वर पसरली. वाटलं, तुझं झाड जरा फिकं येईल, तू म्हणशील तंबाखू जुनी झाली, फेकून देशील. मिटलं." त्यांनी तिच्याकडे बघायचं टाळलं. "आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तू धावत वर आलीस."



"चहा," झाडवाली म्हणाली.

"हं."

"त्याच दिवशी का नाही सांगितलंत?"

"कसं सांगू? तू मिठी मारलीस. तू असं बोलत होतीस, की जसा काही देवच भेटला. तेव्हा म्हणू, बाई गं, तो माझा चोथा आहे? म्हटलं उद्या सांगू. उद्या उद्या करता वाडगे दुकानात गेले, तू नवं पाकीट फोडलंस. मग तू शोधायला लागलीस, आणि रोज वाटायचं, आज सापडेलच हिला, साधा रोजचा चहा तो. आज नाही तर उद्या. तू लिंबू घातलंस, मीठ घातलंस, अगं, एकदा तर कॉफी घातलीस! मी देव पाण्यात घालून बसलो होतो. कॉफीनंतर चहाच की गं! पण तू पुढे मिऱ्यांकडे गेलीस."

दुसरी एखादी वेळ असती तर ती हसली असती. आता तिच्या अंगाची आग आग झाली.

"आणि धरायला आलात ते? मी धरतो म्हणून? मी गावभर कौतुक सांगत फिरले तुमचं!"

"आधी मनाला खात होतं म्हणून आलो," मीटरवाले खाली बघून म्हणाले. "मग आवडायला लागलं. खरंच."

झाडवाली उठली आणि जिना उतरून खाली गेली. दोन्ही भिंतींवर चकत्या. कुठल्याही चकतीकडे बघितलं तरी एकेक सकाळ आठवत होती. नाकात जाणारी गंजाची पूड, कुंचल्याच्या टोकाशी लोंबणारा थेंब, आणि शेजारी भांडं धरून उभा असलेला हा माणूस, तोंडात मूग धरून! तिने हाताला लागेल ती चकती खेचली आणि भिरकावली. ती नेमकी भिजवलेल्या मातीच्या बादलीत पडली. गप्पदिशी आत गेली. फुटलीसुद्धा नाही मेली. झाडवाली तिथेच बाकावर बसली आणि मोठ्याने रडली. चिडून रडली, आणि वर तो माणूस निळ्या ओठांनी बसलाय तो आपल्यामुळे, म्हणूनही रडली. दोन्ही एकदमच येत होतं, वेगळं करता येईना.

मग अबोला. चार दिवस. औषधं वेळेवर, जेवण वेळेवर, उशी नीट, पांघरूण नीट, पण तोंडातून शब्द नाही. मुलीचा फोन आला की झाडवाली मीटरवाल्यांच्या पलंगाशेजारी उभी राहून फोनमध्ये सांगायची, "तुझ्या बाबांना सांग, संध्याकाळची गोळी राहिलीय."

"आई, ते तुझ्या समोरच आहेत ना?"

"असतील."

"बाबा, गोळी घ्या," मुलगी फोनमधून ओरडायची.

"घेतो म्हणावं," मीटरवाले म्हणायचे.

सगळं ऐकल्यावर मुलगी खो खो हसली. "आई, अगं, म्हणजे आता तुला माहीत झालं की. करून बघ ना!" ती म्हणाली.

झाडवालीने फोन ठेवून दिला. खरी गोष्ट अशी होती, की तिला भीती वाटत होती. कसली ते तिलाही सांगता आलं नसतं. या चार दिवसांत दुपारी पाठ टेकली तरी तिला झोप लागली नव्हती. डोळे मिटायची, पांढरी जमीन दिसायची, पण झाडं यायची नाहीत.

पाचव्या दिवशी सकाळी ती खाली गेली. चहाचा चोथा तिने चार दिवस वाळत घातला होता, कुणाला न सांगता, गच्चीतच. त्यात चिमूटभर तंबाखू टाकली, पाणी ठेवलं, उकळलं. वास वर गेला. आधी चहाचा, मग त्याच्यामागून तंबाखूचा. तिने काढा गाळला, गंज घोटला. मोठ्या बादलीतला पांढरा घोळ ढवळून घेतला. कालच अर्धवट वाळलेला, नखाने दाबलं तर जेमतेम उमटेल असा एक वाडगा पुढ्यात घेतला. आणि जिन्यावर पावलं वाजली. एक पायरी, थांबणं. एक पायरी, थांबणं.

"कुणी बोलावलं तुम्हाला?" ती वळली आणि पाच दिवसांत पहिल्यांदा सरळ त्यांच्याशी बोलली. "डॉक्टरांनी काय सांगितलंय? जिने बंद ना?"

"चढायचे बंद," मीटरवाले कठड्याला धरून म्हणाले. "मी उतरतोय."

"आणि वर कसे जाणार?"

"नाही जाणार. इथेच राहीन. त्या बाकावर." ते शेवटच्या पायरीवरून उतरले, घाम पुसला. "भांडं कोण धरणार?"

तिने स्टूल पुढे ओढलं. ते बसले. श्वास बसायला वेळ लागला, ती थांबली. मग तिने वाडगा घोळात बुडवला, उलटा करून त्यांच्या हातांत दिला. पांढरी चकाकी खिडकीतल्या उजेडात थरथरली. मीटरवाल्यांनी ओठ मिटले. तिने कुंचला टेकवला.

थेंब सुटला. सुटला आणि लगेच धावला नाही, जरा थांबला, जणू वाट विचारतोय. मग सावकाश पसरला. बुंधा, फांद्या, आणि फांद्यांच्या कडांतून निळसर राखी धुकं निघालं, वाडग्यावरून खाली खाली उतरत गेलं. त्या धुक्यात दुसरं झाड उमटलं. त्याच्यामागे तिसरं.

"आलं!" मीटरवाले कुजबुजले. भांडं हलू नये म्हणून ते ओठही हलवत नव्हते. "अगं, आलं ना! हेच ना ते?"

झाडवाली वाकून बघत होती. धुकं होतं. झाडामागे झाड होतं. मागचा उजेडसुद्धा होता, पांढऱ्या मातीचा. काही म्हणता काही राहिलं नव्हतं. छान झाड होतं, चाळीस वर्षांत तिच्या हातून उतरलेल्या झाडांत पहिल्या दहांत बसेल असं.

पण एवढंसं होतं. वीतभर वाडग्यावरचं बोटभर झाड. ज्या झाडांखालून ती रोज दुपारी चालत गेली होती, ज्यांचे शेंडे बघायला मान वर करावी लागायची, ती यात कुठेच नव्हती. अकरा वर्षांत ती कुठल्या कुठे वाढून गेली होती, आणि आता ती कुठल्याच भांड्यावर मावणार नव्हती. चहाने नाही, तंबाखूने नाही, कशानेच नाही. हे तिला लख्ख कळलं. उद्या सकाळी उठून या खोलीत यायचं ते काय शोधायला?

तिने मान वर केली. मीटरवाले भांड्याकडे बघतच नव्हते. ते तिच्या तोंडाकडे बघत होते. कपाळावर घाम, ओठ अजून फिकेच, आणि दहा बोटांत वाडगा असा धरलेला, की जणू त्याच्यावर सगळं आयुष्य ठेवलंय.

"बोल की गं. हेच होतं ना?"

"हेच," झाडवाली म्हणाली. "अगदी हेच."

त्यांनी श्वास सोडला. केवढा तरी मोठा, त्या थकलेल्या छातीत कुठे मावला होता कोण जाणे. डोळे भरून आले आणि पुसायला हात मोकळे नव्हते, म्हणून पाणी तसंच गालांवरून ओघळू दिलं. "बघ, म्हटलं नव्हतं?" ते म्हणाले, आणि आता त्यांच्या आवाजात चक्क ऐट होती. "चोथा चांगला वाळलेला पाहिजे. ओला घातलास तर नाही यायचं. ते माझ्याकडून शिकून घे."

"शिकते हो."

"सरळ करू आता?"

"नको. झाड बसू दे जरा. तसंच धरून बसा."

ते वाडगा धरून बसून राहिले, हसत. झाडवालीने त्यांच्याकडे पाठ केली, ओलं फडकं घेतलं आणि टेबल पुसायला लागली. या टोकापासून त्या टोकापर्यंत पुसलं. टेबल स्वच्छ झालं. मग तिने फडकं पिळलं आणि पुन्हा पहिल्या टोकापासून पुसायला घेतलं.